घरचा छोटा सर्व्हर : जुन्या मिनी पीसीवर उभारणी आणि त्याचं कुलूप



आजचा पाठ मुलांसाठी नाही, आपल्यासाठी आहे. विषय थोडा तांत्रिक वाटेल, पण घाबरू नका. मी काही संगणक अभियंता नाही. डी.एड. झालेला, जालना जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेवरचा साधा शिक्षक आहे. जे चुकत-माकत शिकलो तेच सांगतो.

सुरुवात कुठून झाली?

आमच्या वर्गात एक सवय आहे. पहिलीतलं मूल पहिल्यांदा अख्खा उतारा न अडखळता वाचतं, त्या दिवशी मी त्याचं वाचन मोबाईलवर रेकॉर्ड करतो. ही रेकॉर्डिंग्ज मी लॅपटॉपवर साठवत गेलो. तीन वर्षं झाली. मग एका मे महिन्यात लॅपटॉपची हार्ड डिस्क टकटक आवाज करायला लागली आणि दोन दिवसांत बंद पडली. दुसरी प्रत? नव्हती.

खरी चूक कळली ती नंतर. आमच्या गावातली बरीच कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. काही मुलं आजी-आजोबांजवळ राहतात. अशाच एका मुलीची आई कारखान्यावरून परत आल्यावर शाळेत आली. म्हणाली, "सर, पोरगी वाचाया लागली तवा मी नव्हते. तुमी आवाज भरून ठिवलाय म्हणं, तेवढा ऐकवा की."

माझ्याकडं ऐकवायला काहीच नव्हतं. खरं ते सांगितलं. ती नाराज झाली नाही, पण जाताना तिनं विचारलं, "मंग आता कुठं ठिवणार? आन् कुनी बी बघू शकतं का ते?"

एका वाक्यात दोन प्रश्न. पहिला, माहिती हरवू नये. दुसरा, माहिती नको त्याच्या हाती पडू नये. हा अख्खा लेख म्हणजे त्या ताईंच्या दोन प्रश्नांचं उत्तर आहे.

सर्व्हर म्हणजे नेमकं काय?

शालेय पोषण आहाराची पंगत डोळ्यासमोर आणा. भात एकाच पातेल्यात शिजतो. मुलं ताट पुढं करतात, ताई वाढतात. इंग्रजीत वाढणं म्हणजे सर्व्ह करणं, म्हणून वाढणारा तो सर्व्हर. मोबाईल, टॅब, लॅपटॉप ही ताटं. मागेल त्याला फाइल, गोष्ट, व्हिडिओ वाढणारा संगणक म्हणजे सर्व्हर. त्यासाठी एसी खोली लागत नाही, की इंटरनेटही कायम लागत नाही. एक राउटर आणि एक लहान संगणक असला की पंगत बसते.

हा विचार नवा नाही

२००७ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या कर्जत भागातल्या खैराट या छोट्या वस्तीवरच्या एकशिक्षकी मराठी शाळेत 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' या जागतिक उपक्रमाचा भारतातला पहिला प्रयोग झाला. त्या उपक्रमाच्या आखणीत लॅपटॉपच्या जोडीला शाळेचा स्वतःचा सर्व्हर हीही एक कल्पना होती. त्याच कल्पनेतून पुढं स्वयंसेवकांनी 'इंटरनेट इन अ बॉक्स' हे मोफत सॉफ्टवेअर घडवलं. म्हणजे नेट नसलेल्या जागी पेटीत भरून नेलेलं ग्रंथालय.

दुसरं उदाहरण मुंबईचं. टाटा समाजविज्ञान संस्था, अमेरिकेतली एमआयटी आणि टाटा ट्रस्ट्स यांनी २०१५ च्या सुमारास 'क्लिक्स' हा प्रकल्प सुरू केला. छत्तीसगड, मिझोराम, राजस्थान आणि तेलंगणातल्या सरकारी शाळांत तो चालला. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचाही त्यात सहभाग होता. शाळेच्या संगणक कक्षातच सर्व्हर ठेवून धडे इंटरनेटशिवाय चालावेत अशी ती रचना. या प्रकल्पाला युनेस्कोचा २०१७ चा पुरस्कारही मिळाला.

तेव्हा हे काम संस्थांचं होतं. आज एक शिक्षक घरी करू शकतो, कारण यंत्र स्वस्त झालं.

साहित्य आणि खर्च

मिनी पीसी म्हणजे कंपासपेटीपेक्षा थोडा मोठा, एका हातात मावणारा संगणक. लेनोवोचा थिंकसेंटर टायनी, डेलचा ऑप्टिप्लेक्स मायक्रो, एचपीचा एलिटडेस्क मिनी ही त्यातली नेहमीची नावं. कार्यालयांत हे हजारोंनी वापरतात. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. इंटेलच्या सहाव्या पिढीच्या आणि सातव्या पिढीच्या बहुतेक प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही. त्यामुळं असे चांगले चालते संगणक जुन्या बाजारात येतात. त्यांच्यावर लिनक्स ही मोफत प्रणाली मस्त चालते.

माझा खर्च असा झाला :

- जुना मिनी पीसी (८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी) : ९,५०० रुपये
- बाहेरून जोडायच्या दोन हार्ड डिस्क : ९,००० रुपये
- छोटा यूपीएस : २,४०० रुपये
- लॅन वायर : १५० रुपये
- एकूण : २१,०५० रुपये

हे सगळं एकदम घेतलं नाही. सहा महिन्यांत, पगार बघून घेतलं. भाव तुमच्याकडं कमी-जास्त असेल. राउटर घरी होताच.

जुना घेताना दुकानातच चालू करून बघा. अडॅप्टर त्याच कंपनीचा आहे का, पंख्याचा आवाज येतो का, सुरुवातीच्या बायोस सेटिंगला आधीच्या मालकाचा पासवर्ड राहिलाय का, हे तपासा. पासवर्ड राहिला असेल तर घेऊ नका, तो काढताना नाकी नऊ येतात.

उभारणी : पाच पायऱ्या

१. जुनं सगळं पुसा. मशीनवर आधीचं विंडोज असतं. त्यात काय दडलंय आपल्याला माहीत नाही. डेबियन किंवा उबुंटू सर्व्हर ही प्रणाली तिच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवा, पेन ड्राइव्हवर घ्या आणि पूर्ण डिस्क पुसून नव्यानं बसवा. बसवतानाच डिस्कचे दोन भाग करा : एक सगळ्यांसाठीचा, दुसरा कुलूपबंद, म्हणजे पासवर्डशिवाय न वाचता येणारा.

दोन भाग का, तर आपल्याकडचं लोडशेडिंग. पूर्ण डिस्क कुलूपबंद केली तर दर वेळी लाइट येऊन मशीन सुरू झालं की पासवर्ड टाकायला हजर राहावं लागतं. माझ्याकडं लाइट आली की गोष्टींची पुस्तकं आपोआप सुरू होतात. मुलांचे आवाज मात्र मी स्वतः कुलूप उघडेपर्यंत बंदच राहतात.

२. लाइटीची सोय. बायोसमध्ये 'वीज आल्यावर आपोआप सुरू' ही सेटिंग असते, ती लावा. यूपीएसवर राउटर आणि मिनी पीसी दोन्ही ठेवा. आपल्याकडं वळवाच्या पावसात कडाडायला लागलं की वायर काढून ठेवलेली बरी. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत मशीन ठेवू नका.

३. पत्ता ठरवून द्या. मिनी पीसी वायरनं राउटरला जोडा. राउटरच्या सेटिंगमध्ये त्याला एक कायमचा पत्ता राखून ठेवा. नाहीतर आज एका पत्त्यावर, उद्या दुसऱ्या, आणि मुलं विचारतात, "सर, गोष्टी कुठं गेल्या?"

४. पंगतीत काय वाढायचं? मी दोन गोष्टी ठेवल्यात. पहिली 'कोलिब्री'. हे इंटरनेटशिवाय चालणारं मोफत शैक्षणिक सॉफ्टवेअर आहे, त्यात धडे आणि व्हिडिओ आधीच उतरवून ठेवता येतात. दुसरी 'किविक्स'. त्यातून अख्खा मराठी विकिपीडिया नेटशिवाय वाचता येतो. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या या ज्ञानकोशात आज लाखाच्या आसपास लेख आहेत. शिवाय प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर'वरच्या मराठी गोष्टी मोफत उतरवून वापरता येतात. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांच्या पीडीएफही एका फोल्डरमध्ये आहेत.

घरी ब्रॉडबँडवर सगळं भरायचं, शनिवारी मिनी पीसी पिशवीत घालून जुन्या राउटरसह शाळेत न्यायचा. नेट नसलं तरी टॅबवर गोष्टी उघडतात.

५. मोडायला वेगळी जागा. शिकायचं तर मोडावं लागतं. 'प्रॉक्समॉक्स' नावाच्या मोफत प्रणालीनं एकाच मशीनमध्ये दोन-चार आभासी संगणक करता येतात. एकात चालू काम, दुसऱ्यात प्रयोग. प्रयोगाआधी त्या क्षणाची नोंद घेऊन ठेवता येते आणि बिघडलं तर मागं जाता येतं. त्यासाठी १६ जीबी रॅम असलेली बरी. माझ्याकडं ८ आहे, म्हणून मी आधी साधं डेबियन चालवलं आणि प्रयोगाला दुसरं जुनं मशीन वापरलं. नवख्यानं तेच करावं असं माझं मत आहे.

आता कुलूप

इथपर्यंतचं काम दोन रविवारांचं. पण खरा पाठ पुढं आहे. "आपल्या गावच्या मशीनवर कोण येतंय?" असं मलाही वाटायचं. ते साफ चूक आहे.

अ. काय ठेवायचं नाही ते आधी ठरवा. चोरीला जाऊ नये अशी सगळ्यात खात्रीची वस्तू म्हणजे आपल्याकडं नसलेली वस्तू. मी एक यादी करून भिंतीला लावली. आधार क्रमांक नाही. बँक खातं नाही. जातीचे दाखले नाहीत. आरोग्य तपासणीच्या नोंदी नाहीत. हे सगळं शासकीय प्रणालीत भरलं जातं, तिथंच राहू दे. माझ्या घरच्या मशीनवर त्याची 'सोयीसाठी' प्रत नको.

रेकॉर्डिंगच्या फाइलला मुलाचं नाव नाही, फक्त क्रमांक आहे. कोणता क्रमांक कोणाचा ही यादी कागदावर, शाळेच्या कपाटात. पालकांची लेखी संमती घेतो. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल मानतो, आणि मुलाची माहिती हाताळायला पालकांची पडताळता येईल अशी संमती मागतो. कायदा राहू द्या बाजूला, साधा विचार करा : आपल्या लेकराचा आवाज कुठं आहे हे विचारायचा हक्क आईला आहेच. मूल चौथी पास होऊन गेलं की त्याची रेकॉर्डिंग्ज पालकांना देतो आणि माझ्याकडची पुसतो.

आ. राउटरचा मूळ पासवर्ड बदला. २०१६ मध्ये 'मिराय' नावाच्या घातक प्रोग्रामनं जगभरातले कॅमेरे आणि राउटर काबीज केले. कसे? कारखान्यातून आलेल्या नाव-पासवर्डच्या साठेक जोड्या त्याच्याजवळ होत्या, त्या तो एकेक लावून बघायचा. बस. लोकांनी ते बदललेच नव्हते. त्या यंत्रांच्या झुंडीमुळं २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अनेक मोठी संकेतस्थळं तासन् तास अडखळली. मिरायनं कोणाचं गाव विचारलं नाही. त्याला फक्त उघडं दार हवं होतं. तेव्हा राउटरच्या सेटिंग पानाचा पासवर्ड बदला, डब्ल्यूपीएस बंद करा आणि पाहुण्यांना वेगळं 'गेस्ट' वायफाय द्या.

इ. पासवर्ड लांब ठेवा. मुलाचं नाव आणि जन्मसाल जोडून केलेला पासवर्ड गावात निम्म्या लोकांना माहीत असतो. त्यापेक्षा पाठ्यपुस्तकांतून २,००० शब्दांची यादी करा आणि चिठ्ठ्या टाकून चार शब्द उचला. एकूण शक्यता २,००० × २,००० × २,००० × २,००० म्हणजे १६ लाख कोटी. शब्द चिठ्ठीनंच निवडा, मनानं नको. म्हण किंवा गाण्याची ओळही नको. सर्व्हरवर दुरून काम करताना तर पासवर्डऐवजी 'एसएसएच की' वापरा आणि मुख्य 'रूट' खात्याचा थेट प्रवेश बंद ठेवा. मुलांच्या टॅबसाठी वेगळं खातं, फक्त वाचण्यापुरतं.

ई. अपडेट टाळू नका. मायक्रोसॉफ्टनं विंडोजमधलं एक मोठं भगदाड बुजवणारं अपडेट १४ मार्च २०१७ रोजी दिलं. 'वॉनाक्राय' हा खंडणीखोर प्रोग्राम आला १२ मे रोजी. मधे जवळपास दोन महिने होते. ज्यांनी अपडेट घेतलं नव्हतं ते अडकले. त्याच भगदाडाचा वापर करणारा 'नॉटपेट्या' जूनमध्ये आला आणि न्हावा-शेवाच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं. ज्या बंदरानं आपल्या जालन्यात ड्राय पोर्ट उभारायला घेतलं, तेच हे बंदर. तेव्हा ही परदेशातली गोष्ट नाही. डेबियन आणि उबुंटूत सुरक्षेची अपडेट्स आपोआप घेण्याची सोय आहे, ती चालू करा. फायरवॉल लावा आणि लागतील तेवढीच दारं उघडी ठेवा.

उ. बाहेरच्या जगाला दार उघडू नका. अनेक व्हिडिओंत सांगतात, राउटरमध्ये 'पोर्ट फॉरवर्डिंग' करा म्हणजे घरचा सर्व्हर कुठूनही दिसेल. कुठूनही म्हणजे सगळ्यांनाच. मी ते केलेलं नाही. बाहेरून लागलंच तर 'वायरगार्ड'सारखा खासगी बोगदा वापरावा, ज्याच्याकडं किल्ली आहे त्यालाच आत येता येतं. आणि खरं विचाराल तर मला बाहेरून लागतच नाही. जे लागत नाही ते लावू नये.

ऊ. तीन-दोन-एक. पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकारानं लोकप्रिय केलेला नियम : प्रती तीन, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. माझी पहिली प्रत मिनी पीसीच्या एसएसडीवर. दुसरी घरातल्या हार्ड डिस्कवर, जी दर रविवारी जोडतो आणि काम झालं की काढून ठेवतो. कायम जोडलेली डिस्क खंडणीखोर प्रोग्राम मशीनसोबतच कुलूपबंद करतो, म्हणून काढायची. तिसरी प्रत दुसऱ्या डिस्कवर, भावाच्या घरी जालन्यात. दोन्ही डिस्क कुलूपबंदच आहेत. त्यांचे पासवर्ड कागदावर लिहून, पाकीट बंद करून, घरच्यांना ठाऊक असलेल्या जागी ठेवलेत.

आणि सगळ्यात महत्त्वाचं : दर महिन्याला एखादी फाइल बॅकअपमधून परत काढून ऐकून बघा. पहिल्याच वेळी माझ्या लक्षात आलं की बॅकअपमध्ये फोल्डर होतं, पण आत काहीच नव्हतं. कुलूपबंद भाग न उघडताच मी प्रत घेत होतो! परत काढून न बघितलेला बॅकअप म्हणजे न तपासलेली उत्तरपत्रिका.

वर्गात घेता येतील असे दोन उपक्रम (इयत्ता ४ थी-५ वी)

*उपक्रम १ : सर्व्हरचं लाइट बिल.* मिनी पीसी सरासरी १५ वॉट घेतो असं धरू. १५ × २४ = ३६० वॉट-तास, म्हणजे दिवसाला ०.३६ युनिट. ३० दिवसांचे १०.८ युनिट. जुना मोठा डेस्कटॉप ६० वॉट धरला तर महिन्याला ४३.२ युनिट. फरक ३२.४ युनिट. मुलांना घरचं बिल आणायला सांगा आणि दरानं गुणायला लावा.

*उपक्रम २ : कुलपाचा आकडा.* बॅगेच्या तीन आकडी कुलपाला ०००पासून ९९९पर्यंत १,००० शक्यता. एकेक बघायला ५ सेकंद लागले तर ५,००० सेकंद, म्हणजे साधारण ८३ मिनिटं. चार आकडी कुलपाला ५०,००० सेकंद, म्हणजे जवळपास १४ तास. एकच आकडा वाढला आणि काम दहापट झालं. माझ्या वर्गातला एक पोरगा म्हणाला, "सर, मंग चोर कुलूप फोडूनच टाकीन ना!" बरोबर आहे त्याचं. म्हणूनच नुसत्या पासवर्डवर भागत नाही, वरच्या बाकीच्या पायऱ्या लागतात.

पालकांसाठी स्वाध्याय

1. आपल्या राउटरचा सेटिंग पासवर्ड कोणी, कधी बदलला?
2. मुलांचे लहानपणीचे फोटो किती जागी आहेत? मोबाईल पडला तर काय उरेल?
3. शाळेच्या किंवा क्लासच्या ग्रुपवर मुलाचा फोटो टाकण्याआधी आपल्याला विचारलं होतं का? नसेल तर विचारा. आम्हा शिक्षकांनाही विचारा.

सारांश

यंत्र स्वस्त आहे, सॉफ्टवेअर मोफत आहे, पण जबाबदारी फुकट नाही. आधी काय ठेवायचं नाही ते ठरवा, मग कुलूप, मग तीन प्रती, आणि दर महिन्याला तपासणी. एवढं जमणार नसेल तर फक्त गोष्टींचा आणि पुस्तकांचा सर्व्हर करा. तोही काही कमी नाही.

त्या ताईंच्या मुलीचं पहिलं वाचन परत मिळालं नाही, मिळणारही नाही. तिचा धाकटा भाऊ यंदा पहिलीत आहे. आई-वडील कारखान्यावर असतानाच, माघ महिन्यात, त्यानं पहिला उतारा वाचला. संमतीच्या कागदावर आजीचा अंगठा पुरेसा न मानता मी ताईंना फोन करून विचारलं, मगच रेकॉर्ड केलं. त्या गावी परत आल्यावर त्यांना बोलावलं. आदल्या रात्री तिन्ही प्रती काढून ऐकल्या. तिन्ही चालू होत्या.

तुमच्या शाळेत कोणी असा प्रयोग केला असेल तर जरूर कळवा. चुका आधी सांगा, त्यांचा उपयोग जास्त होतो.